तारेखालची जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन, कामाचे तास हे आपल्या वर्गाचे नेहमीचे विषय. आज विजेच्या उच्चदाब वाहिन्यांवर बोलणार म्हटल्यावर काही साथींनी विचारले, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन्ही खात्यांशी आहे.

रेल्वेचा संबंध फोड करून सांगायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तारेवर आपले काय अवलंबून आहे हे त्या सकाळी सगळ्यांना कळले.

पोस्टाचा संबंध मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या रानात मनोरा उभा करण्याचा अधिकार वीज कंपनीला कुठून मिळतो? १८८५ च्या तार कायद्यातून! तारेचे खांब रोवण्यासाठी इंग्रज सरकारने तार खात्याला जे अधिकार दिले, तेच २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार वीजवाहिनी टाकणाऱ्याला देता येतात. या अधिकारात जमीन संपादन होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, फक्त वापराचा हक्क दुसऱ्याकडे जातो. नुकसान होईल तितके कमी करावे आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यावी, असे कायदा म्हणतो. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवा बंद झाली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा तिसरा भाग त्याने राखून ठेवला. तार गेली, तारेचा कायदा मागे राहिला.

पण टेलिफोनचा खांब आणि ४०० केव्हीचा मनोरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खांबाला हातभर जागा लागते. ४०० केव्हीच्या वाहिनीखाली ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात, २२० केव्हीला ३५ मीटर. त्या पट्ट्यात ज्वारी घेता येते, पण घर बांधता येत नाही, आंब्याचे झाड वाढू देत नाहीत. मुलीच्या लग्नाला जमिनीचा तुकडा विकायचा म्हटले तर गिऱ्हाईक वर तारेकडे बघून भाव पाडते. कित्येक वर्षे भरपाई मिळायची ती मुख्यतः पिकाची आणि झाडांची. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत भरपाई ठरवली. जून २०२४ मध्ये केंद्राने हे आकडे २०० आणि ३० टक्के केले. ही वाढ आपोआप झालेली नाही, शेतकरी ठिकठिकाणी आडवे पडले म्हणून झाली.

मग रानाला वळसा का घालत नाहीत? वाहिनी सरळ नेली तर स्वस्त पडते. वळणावर तारांचा ताण एका बाजूला येतो, तिथे जड मनोरा आणि मोठा पाया लागतो. म्हणून आखणी करणारा नकाशावर पट्टी ठेवतो. मग पट्टीखाली कुणाची विहीर येते, कुठे देवराई येते. आणि शेतकरी भांडतो, जंगल भांडत नाही, म्हणून रेघ हळूहळू जंगलाकडे सरकते.

गोव्यात मोलेला नेमके हेच झाले. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान या पट्ट्यातून तीन कामे एकदम आली: महामार्गाचे चौपदरीकरण, कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचे दुपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. लोक रस्त्यावर आले, चांदरला रात्री रुळांवर बसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेले. समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात विजेची गरज नाकारली नाही. तिचे म्हणणे एवढेच की घाटातले जंगल तोडून नवा पट्टा काढू नका, आधीच्या वाहिनीचा पट्टा आहे त्याच्यावरूनच जास्त क्षमतेची वाहिनी न्या. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे दुसरा मार्ग होता. तो आधीच्या आखणीत का नव्हता, हा प्रश्न आम्हाला अजून पडतो.

आता अवघड भाग. पुढच्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. हे आपल्या घरातले प्रकरण आहे. त्या घाटात ३७ ला १ असा चढ आहे. मालगाडीला मागून इंजिने लावून वर चढवणाऱ्या, पावसात दरड पडली की रात्री कंदील घेऊन निघणाऱ्या साथींना दुसरा मार्ग हवासा वाटला तर त्यांना जंगलाचे वैरी म्हणणे अन्यायाचे होईल. पण समितीचे म्हणणेही आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. इतक्या तीव्र चढावर दुसरा रूळ टाकून गाड्यांची क्षमता फारशी वाढत नाही, जंगल मात्र जाते. आमच्यातही यावर दोन मते होती आणि आहेत. आमचे मत समितीच्या बाजूने झुकते. घाटातल्या साथींच्या सुरक्षिततेची मागणी मात्र दुपदरीकरणाला न बांधता स्वतंत्रपणे लावून धरली पाहिजे.

तारा जमिनीखालून न्या, हे उत्तरही वाटते तितके सोपे नाही. माळढोक हा जड पक्षी, त्याला समोरचे नीट दिसत नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य त्याच्याच नावाचे. राजस्थान-गुजरातेत तो तारांना धडकून मरतो, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या क्षेत्रातल्या वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्यालाच तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. उच्चदाबाची केबल फार महाग पडते, दोष शोधायला वेळ लागतो, आणि त्या वाळवंटातूनच सूर्याची वीज देशभर यायची आहे.

तेव्हा भांडायचे ते आखणीच्या वेळी. मोजणीची माणसे गावात आली, खुंट्या मारू लागली, की गावाला पहिली खबर आपल्या पोस्टमनला लागते, स्टेशनवर उतरणारे सामान आपल्या माणसांना दिसते. पर्यायी मार्ग कोणते तपासले, ते कागद दाखवा, ही मागणी ग्रामसभेने त्याच आठवड्यात करायची असते. तारा ओढून झाल्यावर हाती उरतो तो फक्त भरपाईचा अर्ज.