पाणी धरणं आणि ‘होल्ड’



‘होल्ड म्हणजे धरणे’, असं आपण शाळेत पाठ केलं. परीक्षेपुरतं ते ठीक होतं. जुन्नर-आंबेगावच्या शिवारात मात्र ते गडबडतं.

इथला शेतकरी ‘पाणी धरायला चाललोय’ म्हणतो. वीज रात्रीची, उसात बिबट्याची धास्ती, तरी बॅटरी घेऊन निघतो. तिथं करतो काय? खोऱ्यानं पाटाचं दार फोडतो, पाणी वाफ्यात सोडतो, वाफा भरला की दार बांधून पाणी पुढं वळवतो. धरायचं म्हणजे खरं तर सोडायचं! आता याचं शब्दाला शब्द इंग्रजी करा : ‘होल्ड वॉटर’. इंग्रज म्हणेल, एखाद्याचा युक्तिवाद टिकतोय. चिखलात उभ्या माणसाचा युक्तिवाद एवढाच, की वीज दिवसा का देत नाही?

पाणी खरोखर अडवतं ते धरण. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं याच दोन तालुक्यांत. त्यांचं पाणी पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयात गेलं, हे त्या बाजूच्या माणसांना सांगायला नको.

बाकी डाळिंबाचा बहार धरतात, पोर बाळसं धरतं, नारायणगावच्या फडात ढोलकी ठेका धरते. यातल्या एकालाही ‘होल्ड’ चालत नाही. चालतो तो बराखीत. भाव पडले म्हणून कांदा धरून ठेवला, तर व्यापारीही खुशाल ‘माल होल्डवर आहे’ म्हणतो. फोनवरच्या ‘होल्ड करा’चा अर्थ मात्र नुसता ‘थांबा’.

गंमत अशी, की इंग्रजांनाही एकदा ‘धरणं’ हा शब्द पेलला नाही. पूर्वी सावकार कुळाच्या दारात उपाशी धरणं धरून बसे. 1860च्या दंडसंहितेत, कलम 508च्या उदाहरणात, असं बसणं गुन्हा म्हणून आलं. त्यासाठी इंग्रजी शब्द न वापरता कायदा करणाऱ्यांनी ‘धरणं’ तसंच ठेवलं.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, निबंधात वडील रात्री पाणी धरायला गेले असतील, तर ‘इरिगेट’ लिहा. ‘होल्ड’ लिहू नका.