काचेचं दार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते औष्णिक वीज केंद्रातील इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झाले आहेत.)



मला विषय दिला होता 'पंचवीस वर्षांच्या आठवणी'. आठवणी सगळ्यांजवळच आहेत. बोअरला पाणी लागलं नाही तो उन्हाळा, आपला पहिला गणपती, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली राख. त्या इतर मंडळी सांगतीलच. मी आज एका दाराबद्दल बोलणार आहे. सचिवसाहेबांना हे आधी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, दाराबद्दल काय बोलता?" तरी त्यांनी वेळ दिला, त्यांचे आभार.

रस्त्याकडच्या आपल्या इमारतीत खाली गाळे आहेत. दवाखाना, मेडिकल, रक्त तपासणी, झेरॉक्स. पूर्वी मधला पॅसेज उघडा होता. कोळशाच्या ट्रकची धूळ आत येते, एसी टिकत नाही, म्हणून वार्षिक सभेत ठराव करून आपण तिथे काचेचं दार बसवलं. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणी इतिवृत्त काढून दाखवेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.ला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. सात-आठ महिन्यांत ती चाकाच्या खुर्चीवर डाव्या हाताने आणि डाव्या पायाने स्वतः फिरायला लागली. घरापासून गाळ्यांपर्यंत आपला रस्ता सपाट आहे. स्वतःचं औषध स्वतः आणायचं, मेडिकलवाल्याशी दोन शब्द बोलायचे, झेरॉक्सच्या मुलीला तिच्या परीक्षेचं विचारायचं, एवढंच तिचं बाहेरचं जग होतं. बाप्पा, काय खूश असायची!

पण ते दार बाहेरून ओढायचं आहे. खुर्चीवर बसून दार ओढायचं म्हणजे काय, ते एकदा करून पाहा. एका हाताने मुठीला धरायचं आणि त्याच वेळी खुर्ची मागे न्यायची, नाहीतर दार आपल्याच पायावर येतं. तिला चालता हात एकच. त्या हाताने मूठ धरली तर चाक कोण फिरवणार? वर आपला रॅम्प थेट दाराच्या तोंडाशी संपतो, सपाट जागा नाही. मूठ धरली की खुर्ची मागे घरंगळते.

आता कोणी असं समजू नका की लोक मदत करत नव्हते. "काकू, थांबा, मी उघडून देतो ना," असं म्हणत पोरं धावत यायची. एकानेही कधी तोंड फिरवलं नाही. तरी एक दिवस ती म्हणाली, "औषध आजपासून तुम्हीच आणा." मला वाटलं थकली असेल. चार महिन्यांनी कारण कळलं. ती म्हणाली, "काचेच्या बाहेर थांबून आत कोणाचं आपल्याकडे लक्ष जाते का, ते पाहत बसावं लागते. रोज मागायला उभं राहिल्यासारखं वाटते."

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा घेऊन गेलो आणि मुठीला अडकवून दार ओढलं. काटा साडेपाच किलोवर गेला. अमेरिकेच्या सुगम्यता नियमांत आतल्या दारांसाठी साधारण 22 न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे सव्वादोन किलो. आपलं त्याच्या दुपटीहून जास्त! लोकांना वाटतं काच जड म्हणून दार जड. काच जड आहेच. 12 मिलिमीटरची काच एका चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे आपलं दार पन्नास-साठ किलोचं. पण ते वजन खालच्या पिव्हटवर असतं. हाताला लागतो तो दार मिटवणाऱ्या स्प्रिंगचा जोर. हा जोर त्यांना बसवताना आपणच विचारून घ्यायला हवा होता. कोणीच विचारलं नाही.

आपोआप उघडणारं दार ही काही फार नवी गोष्ट नाही, आणि ते मुळात दिव्यांगांसाठी निघालंही नव्हतं. 1954 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी या समुद्रकाठच्या शहरात हॉर्टन आणि ह्यूइट या दोघांना आपोआप सरकणारं दार सुचलं, कारण तिथल्या वाऱ्यात झुलती काचेची दारं उघडता-मिटता येत नव्हती. पायाखाली चटई, चटईवर वजन पडलं की दार सरकायचं. आज चटईच्या जागी वर सेन्सर असतो.

आपल्याला सरकतं दार लागतच नाही. आहे त्या दाराच्या वरच्या चौकटीवर मोटर आणि गिअरची पेटी बसते, तिचा दांडा दार उघडतो. बाजूला भिंतीवर तळहाताएवढं बटण, खुर्चीवरून कोपराने दाबता येईल अशा उंचीवर, आणि दार फिरतं त्या वर्तुळाच्या बाहेर. बटण दाबलं की दार हळू उघडतं, काही सेकंद थांबतं, मग मिटतं. वाटेत कोणी असेल तर सुरक्षा सेन्सर त्याला थांबवतो. ज्याला बटण नको तो नेहमीसारखं हाताने ओढेल.

सभेत एक प्रश्न हमखास येणार, "लाइट गेली तर?" 1340 मेगावॅटच्या केंद्राच्या सावलीत राहतो आपण, पण लाइट आपल्याकडेही जाते, राजेहो! या प्रश्नावर माझी अख्खी नोकरी गेली आहे. प्लांटमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हबद्दल आधी ठरवावं लागतं की कंट्रोलची हवा गेली तर तो उघडा राहावा की बंद. बिघाड होणारच. तो कोणत्या बाजूला व्हावा, हे मात्र आपण निवडू शकतो. या दाराचं उत्तर असं की वीज गेली तर ते साध्या दारासारखं हाताने उघडलंच पाहिजे, कुलूप लागल्यासारखं अडकता कामा नये. कोटेशन मागवताना हे लेखी घ्या.

दुसरी अडचण राखेची. सेन्सरच्या काचेवर थर बसला की तो आंधळा होतो. आठवड्यातून एकदा मऊ फडकं मारायचं, एवढंच. पण ते काम कोणाचं, हे आधी ठरलं पाहिजे. नाहीतर वर्षभरात तिथे 'बंद आहे' असा कागद लागेल. नागपुरात अशी चिकटपट्टी लावलेली बटणं मी पाहिली आहेत.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांची ये-जा असलेली खाजगी व्यापारी इमारतही त्यात येते. नियम जून 2017 मध्ये आले आणि जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. ती संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे हवेत. पण नोटीस येईल म्हणून दार बदला, असं मी म्हणत नाही.

मागच्या हिवाळ्यात सौ.ला घेऊन ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोने सीताबर्डीला गेलो. लिफ्टने वर, फलाट डब्याच्या पातळीला, दार आपोआप उघडलं आणि ती माझ्या आधी आत. मी मागे राहिलो. तिने वळून पाहिलंही नाही. परत येताना म्हणाली, "तिथे कोणालाच थँक्यू म्हणावं लागलं नाही." कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' तिने त्यानंतर पुन्हा वाचायला घेतलं आहे.

आता पैशाचं. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारायची, असा प्रस्ताव आहे. कमान सुंदर दिसेल, मी तिच्या विरोधात नाही. पण क्रम असा लावा अशी माझी विनंती आहे. आधी रॅम्प. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, आपला जेमतेम सहा फूट आहे. त्याच्या टोकाला सपाट जागा. मग स्प्रिंगचा जोर कमी करता येतो का ते पाहणं, त्याला फारसा खर्च नाही. गोल मुठींच्या जागी दांड्याच्या मुठी, बोटं आखडलेल्यालाही चालतील अशा. आणि मग मोटर. रॅम्प तसाच ठेवून नुसती मोटर लावली तर फोटो चांगला येईल, खुर्ची मात्र खालीच राहील. हे सगळं करून पैसे उरले तर कमान. दोन कोटेशनं मी कार्यालयात ठेवली आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी सौ.ची जुनी खुर्ची घेऊन गाळ्यांसमोर असेन. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने एकदा त्यात बसायचं, उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि आत जाऊन क्रोसिनची एक पट्टी घेऊन यायची. पट्टीचे पैसे मी देईन. दार मात्र कोणी उघडून द्यायचं नाही.