कर्ज काढून शेअर?
मागच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी गटाकडे वीस हजारांचं कर्ज मागितलं. कशाला? तर नव्या ऑनलाइन कंपन्यांचे शेअर घ्यायला. मुलाने फोनवर खातं उघडून दिलेलं. आम्ही नाही म्हटलं. ताई रुसल्या.

पेटीएमचा शेअर नोव्हेंबर 2021 मध्ये 2150 रुपयांना विकला गेला. बाजारात आला त्याच दिवशी 1564 वर उतरला, वर्षभराने पाचशेच्याही खाली. झोमॅटोचा 76 रुपयांचा शेअर पन्नासच्या खाली गेला आणि पुढे दोनशेच्या वर चढला. कोणता चढणार हे आधी कुणाला कळतं? गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

मग ताईंसोबत वही घेऊन बसलो. पोस्टातली ठेव, मुलीची सुकन्या, हाताशी ठेवलेले, सगळे मिळून चाळीस हजार. त्यात शेअरला शेकडा पाच, म्हणजे दोनच हजार, तेही हाताशी असलेल्यातले. पडले तर भर घालायची नाही. वाढून चार हजार झाले तर वरचे दोन काढून पोस्टात. (हे मुलाला अजिबात पटलेलं नाही!) दिवाळीनंतर वही पुन्हा उघडणार आहोत.