पानांचा व्हिडिओ गेम : सेगा पिको

ज्या वयाची मुले अंगणवाडीत जातात, जवळपास त्याच वयाच्या मुलांसाठी जपानच्या सेगा कंपनीने 1993 मध्ये ‘पिको’ हा कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचे यंत्र, बाजारात आणला आणि 1994 मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. त्याची अंतर्गत रचना सेगाच्याच, मोठ्या मुलांच्या ‘मेगा ड्राइव्ह’ या कन्सोलवर बेतलेली असली, तरी हाताळणी सर्वस्वी वेगळी होती. खेळाची कॅसेट जाड पानांच्या चित्रपुस्तकाच्या रूपात असे. मुलाने पान उलटले की संवेदक, म्हणजे बदल टिपणारे भाग, उघडे पान ओळखत आणि पडद्यावरील दृश्यही बदलत असे. यंत्राला जोडलेली लेखणी छापील चित्रावर टेकवताच पडद्यावर हालचाल होई, आवाज ऐकू येई, तर चित्रकलेच्या खेळांत तीच लेखणी खालच्या सपाट पाटीवर फिरवली असता रेषा पडद्यावर उमटत. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पान आणि लेखणी यांच्या आधारे खेळता यावे, हा विचार त्यामागे होता, आणि पिकोचा खरा मोठेपणा त्यातच आहे. त्या दशकात भारतात मिळणाऱ्या बहुतेक टीव्ही गेममध्ये मात्र बटणांवर बोटांची चपळाई लागे, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला बहुधा मोठ्या भावंडांचा खेळ पाहणेच येई.