ठोका की कुरकुर?

हात काळे करून गाड्या घडवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माझी सारी नोकरी प्रोटोटाइप शॉपमध्ये गेली, म्हणूनच आपण मला संमेलनाच्या या खुर्चीत बसवले असावे. तेव्हा बोलणार आहे तेही तिथल्याच कामाविषयी. बाजारात आलेल्या गाडीच्या दुरुस्तीला मॅन्युअल असते. प्रोटोटाइपचे मॅन्युअल आपणच, दोष शोधता शोधता, लिहीत असतो.

याचे एक जुने उदाहरण पाहा. १९०५-०६च्या सुमारास मँचेस्टरमधल्या कुक स्ट्रीटवरच्या कारखान्यात रोल्स-रॉइसचे अभियंते हेन्री रॉइस यांना एका दोषाने छळले होते. त्यांच्या ३० हॉर्सपॉवरच्या, सहा सिलिंडरच्या गाडीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, तुटत होता. दांडा तुटला की जास्त चांगले पोलाद वापरा, हे कोणीही सांगेल. रॉइस यांनी तो तुटण्याआधी काय होते, याचा माग काढला. सहा सिलिंडरचा दांडा लांब असतो. प्रत्येक स्फोटागणिक तो ओल्या पंच्यासारखा किंचित पिळला जातो आणि उलगडतो. एका ठरावीक वेगाला हे पिळणे आणि स्फोटांचे धक्के एका तालात येतात. झोपाळ्याला वेळेवर नुसता हात लावला तरी तो चढत जातो, तसेच इथे होते आणि शेवटी पोलादही हार खाते. दांड्याच्या पुढच्या टोकाला घर्षणाने घसरणारे छोटे फ्लायव्हील बसवून तो ताल मोडायचा, हा त्यांचा उपाय. इंग्लंडमधलेच मोटार-अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर हेही स्वतंत्रपणे त्याच उत्तरापाशी पोचले. पुढच्या ४०/५० मॉडेलमध्ये रॉइस यांनी दांडा भक्कम केला आणि सात बेअरिंगांवर तोलला.

त्याच मॉडेलची रुपेरी गाडी, ‘सिल्व्हर घोस्ट’, १९०७ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांसमोर १५,००० मैल पळवली गेली. ६२९व्या मैलावर ती थांबली. हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. तोटी उघडली आणि उरलेले १४,३७१ मैल गाडी यांत्रिक दोषामुळे एकदाही अडली नाही. मग ती संपूर्ण खोलून भाग मोजले; बदलायच्या भागांची किंमत भरली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. पुढच्याच वर्षी याच मॉडेलची एक गाडी मुंबई–कोल्हापूर मार्गावर आपल्या घाटांतून धावली. या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती तोटीची नोंद. क्षणात सुटलेली अडचण कोणीही झाकली नाही, तिचा मैल आणि तिचे कारण लिहून ठेवले.

आता आपल्याकडचे सांगतो. आमच्या एका आलिशान सेडानच्या प्रोटोटाइपमध्ये थंडीच्या दिवसांत, सकाळच्या पहिल्या चार-पाच किलोमीटरपर्यंत, गतिरोधकावर आवाज यायचा. गाडी तापली की गायब. शीटवर नोंद होती, ‘समोरून आवाज’. तेवढ्या दोन शब्दांवर आम्ही शॉक अॅब्सॉर्बर बदलले, मग बॉल जॉइंट बदलले. तीन आठवडे गेले. शेवटी शॉपमधले एक वयस्क मिस्त्री पहाटे गाडीत बसले आणि पहिल्याच गतिरोधकावर म्हणाले, “साहेब, हा ठोका नाही, कुरकुर आहे. ठोक्याला मोकळी जागा लागते, कुरकुरीला घासण लागते.”

एका शब्दाने शोधाची दिशाच फिरली. सैल भाग शोधणे सोडून आम्ही घासणारा भाग शोधू लागलो. अँटी-रोल बारचा रबरी बुश गारठ्यात कडक होऊन दांड्यावर घसरत होता. नव्या मापाचा बुश बसवला, आवाज थांबला. मिस्त्रींनी मात्र जुना बुश पुन्हा बसवायला लावला. दुसऱ्या सकाळी कुरकुर परत आली, तेव्हाच त्यांनी काम संपल्याचे मानले. जुना भाग परत बसवून दोष परत येतो का पाहणे, ही परीक्षा मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढे कधी सोडली नाही.

आपल्या भाषेत ठकठक, खडखड, घरघर, खरखर, करकर, कुरकुर, किणकिण, फुसफुस हे सारे वेगळे शब्द आहेत. अनुभवी कानाला प्रत्येकातून कारणाची दिशा कळते. आपल्या छापील फॉर्मवर मात्र या सगळ्यांसाठी एकच रकाना असतो, ‘नॉइज’. मिस्त्री अचूक शब्द बोलतो आणि आपण तो इंग्रजीत उतरवताना गमावतो. हे मला मनापासून खुपते. त्यातून विजेच्या गाड्यांत इंजिनाचा आवाजच नाही. पूर्वी त्याखाली दबणारी प्रत्येक कुरकुर आता थेट मालकाच्या कानी पडते.

माझी या संमेलनाला विनंती आहे. उद्याच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या शॉपमधले आवाजाचे शब्द, त्यामागे सापडलेला भाग, तेव्हाचे तापमान आणि वेग एका कागदावर लिहून आणावेत. ज्या मिस्त्रींकडून शब्द मिळाला, त्यांचे नावही शेजारी लिहा.