मिरवणुकीचा मार्ग

इंदूरच्या नगररचनेचा विषय निघाला की पॅट्रिक गेडिस यांचे नाव टाळता येत नाही. महाराजा तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या कारकीर्दीत दरबाराने त्यांना पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

शहरावर तेव्हा प्लेगची छाया होती. दिवाळीच्या उत्सवाची सूत्रे हाती येताच गेडिस यांनी जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील अधिकाधिक घरे स्वच्छ व दुरुस्त झालेली आढळतील, तेथूनच ती जाईल. नोटीस नाही, दंड नाही. तरी घरोघरी झाडलोट व डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमाही होती!

मल्हारगंजसारख्या जुन्या वस्तीत घर दुरुस्त करू पाहणाऱ्याची अडचण आज निराळी आहे. महापालिकेकडे नकाशा जातो तो एका भूखंडाचा. भिंत मात्र शेजाऱ्याशी सामाईक. मध्यप्रदेश भूमि विकास नियम, २०१२ हे रस्त्याची रुंदी व सोडावयाची मोकळी जागा पाहतात. येथे घराला घर लागलेले. तपासणी म्हणजे दोष काढणे, अशी समजूत झाली की मालक दार लावून काम उरकतो, आणि धोका शेजाऱ्याच्या माथी येतो.

गेडिस यांची रीत उलटी होती. आधी गल्ली पायी फिरावी, घरागणिक पाहणी करावी, मोडकळीस आलेले तेवढेच काढून हवाउजेडास वाट द्यावी. सरसकट पाडापाडीस त्यांचा विरोध असे. उठवलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीतच दाटी करतात, हे त्यांनी पाहिले होते.