तो गोऱ्यांचा रोग, बाई!
(आरोग्य शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, रुग्णालयात मी समुपदेशनाचं काम करते. ल्युपसच्या ओपीडीत रांग बायकांचीच असते. या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, म्हणून ती दाबणारी गोळी द्यावी लागते. अनेकींना अ‍ॅझाथायोप्रिन मिळतं. ही गोळी मूत्रपिंड वाचवते, जीव वाचवते. पण बिघडलेल्या पेशींवरचा शरीराचा पहाराही ती ढिला करते, शिवाय कातडी उन्हाला जास्त हळवी होते. वर्षानुवर्षं घेतल्यावर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

हे सांगितलं तेव्हा एक शेतमजूर ताई हसल्या. "तो गोऱ्यांचा रोग, बाई. आपण काळ्या."

त्या अर्ध्या बरोबर होत्या. सावळ्या कातडीत हा कर्करोग कमी होतो. (ज्या रंगापायी जन्मभर ऐकून घेतलं, तो इथे कामाला आला!) पण होतो तेव्हा अनेकदा वेगळ्याच जागी होतो. तळपायावर, भाजल्याच्या जुन्या व्रणात, ल्युपसच्या जुन्या चट्ट्यात. चुलीशी, स्टोव्हशी भाजलेल्या आपल्यात किती जणी आहेत, हे मी काय सांगायचं?

या ताईंच्या ओठावरच्या चट्ट्यात जखम होती. चार महिने हळद लावत होत्या. दाखवली का नाही, विचारलं. "एवढ्याशासाठी मजुरी कोण बुडवणार?" तुकडा तपासला, कर्करोग निघाला. वेळेत कळला म्हणून छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं. आधी तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं, पण पदर बाजूला करून तोंड नीट पाहिलं नव्हतं.

आता घाबरून कुणी गोळी बंद करू नका. ल्युपस उसळला तर तो जास्त घातक. दर भेटीत कातडी तपासून मागा. याच औषधांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही धोका वाढू शकतो, तेव्हा ती तपासणीही मागा, लाजू नका. महागडं क्रीम परवडत नाही हे मला माहीत आहे. शेतात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालता ना, तो घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा असू द्या, आणि डोक्यावर पदर. दुपारच्या उन्हातली सुट्टी मात्र एकटीने मागून मिळत नाही, ती मुकादमाकडे सगळ्यांनी मिळून मागावी लागेल.

महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीत एकमेकींची पाठ बघा. न भरणारी जखम, वाढणारी गाठ, रंग बदललेला तीळ दिसला तर महिनाभर थांबू नका. तळपाय उजेडात बघा, भेगांत लपतं.